वेडं रान आणि झूमच्या चौकटी

मराठी माणूस परदेशात आला की पहिल्या वर्षी प्रेशर कुकर शोधतो, दुसऱ्या वर्षी मंडळ आणि तिसऱ्या वर्षी नाटकात काम, असं आपण गमतीने म्हणतो. गमतीचा भाग सोडला, तरी नाटक हा आपल्या मंडळांचा प्राण आहे हे खरंच. कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये तालमी सुरू होतात, सोफे भिंतीला लागतात, चहाचं मोठं पातेलं चढतं आणि एखाद्या महाशयांचं पाठांतर प्रयोगाच्या दिवसापर्यंत काही होत नाही! मार्च २०२० मध्ये हे सगळं एका आठवड्यात थांबलं. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला जागतिक महासाथ म्हटलं, १२ मार्चला ब्रॉडवेवरची सगळी नाट्यगृहं बंद झाली आणि २५ मार्चपासून भारतभर टाळेबंदी लागू झाली.

साथीमुळे नाट्यगृहांना कुलूप लागणं इतिहासाला नवीन नाही. शेक्सपियरच्या लंडनमध्ये १५९२ ते १५९४ या काळात प्लेगमुळे नाट्यगृहं बहुतेक वेळ बंदच होती. १६०३ मध्ये पुन्हा तेच झालं. तेव्हा नटमंडळी गावोगाव दौऱ्यावर जात आणि पोट भरत. २०२० मध्ये तीही सोय नव्हती. शेजारच्या घरात जायची चोरी, तिथे गावोगाव कुठलं! मग त्या वर्षी नाटकवाल्यांनी, विशेषतः कॉलेजमध्ये नाटक शिकणाऱ्या मुलांनी, काय केलं? त्यातल्या एका प्रयोगाची हकिकत इथे सांगायची आहे. ती नीट समजायला मात्र आधी तीस वर्षं मागे, रोमानियाच्या राजधानीत, बुखारेस्टमध्ये जावं लागेल.

निकोलाय चाउशेस्कू १९६५ मध्ये रोमानियाच्या कम्युनिस्ट पक्षाचा प्रमुख झाला आणि पुढे जवळजवळ पंचवीस वर्षं त्याने देश आपल्या मुठीत ठेवला. 'सेकुरिताते' या त्याच्या गुप्त पोलिसांची दहशत अशी, की माणसं स्वतःच्या घरातसुद्धा मोकळेपणाने बोलत नसत. ऐंशीच्या दशकात परदेशी कर्ज फेडण्याच्या हट्टापायी त्याने देशातलं धान्य, मांस, इंधन बाहेर पाठवलं आणि लोक रेशनच्या रांगांत, थंड घरांत दिवस काढू लागले. डिसेंबर १९८९ मध्ये तिमिशोआरा या शहरात उठाव झाला. २१ डिसेंबरला बुखारेस्टच्या चौकात चाउशेस्कूने भरवलेल्या सभेत लोकांनी त्याच्याच तोंडावर आरडाओरडा केला. २२ तारखेला तो पक्षाच्या मुख्यालयाच्या गच्चीवरून हेलिकॉप्टरने पळाला, आणि नाताळच्या दिवशी, २५ डिसेंबरला, त्याला आणि त्याच्या बायकोला गोळ्या घालण्यात आल्या. तो पळाल्यानंतरही कित्येक दिवस रस्त्यांवर गोळीबार चालूच राहिला आणि शेकडो माणसं मेली. गोळ्या कोण झाडत होतं? ही लोकांची क्रांती होती, की पक्षातल्याच दुसऱ्या गटाने साधलेला डाव? रोमानियात हा वाद पुढे वर्षानुवर्षं चालला.

या घटनांना तीन महिनेही झाले नव्हते, तेव्हा मार्च १९९० मध्ये लंडनहून दोन माणसं बुखारेस्टला पोचली. एक होत्या नाटककार कॅरिल चर्चिल आणि दुसरे दिग्दर्शक मार्क विंग-डेव्ही. विंग-डेव्ही तेव्हा लंडनच्या सेंट्रल स्कूल ऑफ स्पीच अँड ड्रामा या नाट्यशाळेत होते. महिनाअखेरीस त्यांचे विद्यार्थीही तिथे गेले. बुखारेस्टच्या कारागियाले नाट्य आणि चित्रपट संस्थेतल्या रोमानियन विद्यार्थ्यांबरोबर त्यांनी काम केलं, तिथल्या कुटुंबांत राहिले आणि भेटेल त्याला एकच विचारलं, डिसेंबरमध्ये तुम्ही कुठे होतात? काय पाहिलंत?

चर्चिलबाईंना ही पद्धत नवी नव्हती. १९७४ मध्ये इंग्लंडमध्ये 'जॉइंट स्टॉक' नावाची नाटक कंपनी निघाली. तिची रीत अशी, की आधी काही आठवडे नट, दिग्दर्शक आणि लेखक यांनी मिळून एखाद्या विषयाचा शोध घ्यायचा, माणसांना भेटायचं, तालमीच्या खोलीत करून बघायचं. मग लेखकाने एकट्याने बसून संहिता लिहायची आणि त्यानंतर रीतसर तालमी. चर्चिल यांचं 'क्लाउड नाइन' हे १९७९ मधलं गाजलेलं नाटक याच पद्धतीने झालं होतं. सगळ्यांनी मिळून नाटक रचायचं म्हणजे सगळ्यांनी एकाच कागदावर लिहायचं, असा आपला समज असतो. इथे तसं नव्हतं. धान्य सगळ्यांनी वेचून आणायचं आणि रांधायचं एकाने. पण कुणी काय आणलं हे त्या स्वयंपाकात दिसलं पाहिजे.

नाटक झटपट तयार झालं. जून १९९० मध्ये नाट्यशाळेतच विद्यार्थ्यांनी त्याचा पहिला प्रयोग केला. सप्टेंबरमध्ये तीच मुलं ते घेऊन बुखारेस्टच्या राष्ट्रीय नाट्यगृहात गेली, म्हणजे ज्यांची गोष्ट त्यांच्याच दारात! ऑक्टोबरमध्ये ते लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये आलं. नाटकाचं नाव 'मॅड फॉरेस्ट', आपल्या भाषेत 'वेडं रान'. आज जिथे बुखारेस्ट आहे, त्या मैदानी मुलखात पूर्वी दाट जंगल होतं. चिखलाचे ओहोळ, पायवाटा फक्त स्थानिकांना ठाऊक, परका घुसला तर बाहेर येण्याची शाश्वती नाही. घोड्यावरून येणाऱ्या स्वारांना त्याला वळसा घालूनच जावं लागे. म्हणून त्याचं नाव पडलं तेलेओर्मान, वेडं रान. परदेशातून आठवड्याभरासाठी आलेल्या मुलांनी आपल्या नाटकाला हे नाव घ्यावं यात नम्रता आहे. आम्ही परके आहोत, इथल्या वाटा आम्हाला ठाऊक नाहीत, हे नावातच सांगून टाकलं.

नाटकाचे तीन भाग आहेत. पहिला भाग क्रांतीच्या आधीचा. दोन कुटुंबं. एका घरात बाप इलेक्ट्रिशियन आणि आई ट्राम चालवणारी. दुसऱ्या घरात बाप आर्किटेक्ट आणि आई शिक्षिका. घरात काही खासगी बोलायचं म्हणजे आधी रेडिओ मोठा करायचा, कारण भिंतींना कान! मांसाच्या रांगेत एक तरुण हळूच चाउशेस्कूच्या विरोधात दोन शब्द पुटपुटतो आणि पुढचे-मागचे सगळे आपण ऐकलंच नाही असं दाखवतात. गर्भपाताला कायद्याने बंदी असलेल्या त्या देशात एक डॉक्टर समोरच्या मुलीला तोंडाने मोठ्याने नकार देतो आणि त्याच वेळी कागदावर होकार लिहितो. तिसरा भाग क्रांतीनंतरचा. आता सगळ्यांना बोलता येतं, म्हणून सगळे एकमेकांवर ओरडतात. शेवटी दोन घरांतल्या मुलामुलीचं लग्न लागतं, आणि त्या लग्नात पाहुणे नाचता-नाचता भांडतात, सगळे एकदम, एकमेकांच्या बोलण्यावर बोलत.

आणि मधला भाग? मधल्या भागात ही कुटुंबं नाहीतच. तिथे येतात बुखारेस्टचे साधे नागरिक: विद्यार्थी, डॉक्टर, फुलं विकणारी बाई, बुलडोझर चालवणारा, भाषांतरकार, अगदी सेकुरितातेचा अधिकारीसुद्धा. ते प्रेक्षकांकडे पाहून डिसेंबरचे दिवस सांगतात. नाटककाराची सूचना अशी आहे, की प्रत्येकाने इतर कुणी तिथे नाहीच असं वागायचं, जणू काय घडलं हे सांगणारा आपण एकटाच आहोत. एकजण म्हणतो चौकात गेलो, दुसरा म्हणतो घाबरून घरात बसलो. कुणाचंच कुणाशी पुरतं जुळत नाही. नाटककार त्यात निवाडा करत नाही.

आता या ओळींच्या पुढे २०२० मधला आपल्या घरातला लॅपटॉप ठेवून बघा. चौकटीत चौकट, प्रत्येक चौकटीत एक माणूस, समोर बघून एकटाच बोलणारा...

न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला हडसन नदीकाठी बार्ड कॉलेज आहे. तिथल्या नाट्यविभागाच्या विद्यार्थ्यांनी २०२० च्या वसंतात हेच 'मॅड फॉरेस्ट' करायला घेतलं होतं. दिग्दर्शन ॲशली टाटा यांचं, आणि प्रयोग कॉलेजच्या फिशर सेंटर या नाट्यगृहात व्हायचा होता. तालमी सुरू होत्या. मार्चच्या मध्याला कॉलेज बंद झालं आणि नटमंडळी पांगली. अशा वेळी प्रयोग रद्द करणं सगळ्यात सोपं होतं, आणि त्या महिन्यात देशभरात ठिकठिकाणी तेच झालं. बार्डच्या मुलांनी तो रद्द केला नाही. तालमी झूमवर नेल्या आणि एप्रिल २०२० मध्ये आपापल्या जागेवरून, प्रत्यक्ष त्याच क्षणी अभिनय करत, इंटरनेटवर प्रयोग केला. आधी चित्रित करून जोडलेला सिनेमा नव्हता तो. चुकलं तर सर्वांदेखत चुकणार, असंच जिवंत नाटक होतं. तो इतका लक्षात राहिला, की मे महिन्यात न्यूयॉर्कच्या 'थिएटर फॉर अ न्यू ऑडियन्स' या नामवंत व्यावसायिक नाट्यसंस्थेने त्याच मुलांकडून त्याचे पुन्हा ऑनलाइन प्रयोग करवले. कॉलेजच्या पोरांच्या प्रयोगाला असा मान एरवी मिळता का?

माझा पेशा कॉम्प्युटरचा. त्यामुळे या प्रयोगात काय काय अडचणी असणार याचा अंदाज मला जरा जास्त येतो. झूम हे सॉफ्टवेअर ऑफिसच्या मीटिंगसाठी बनलेलं. डिसेंबर २०१९ मध्ये दिवसाला जास्तीत जास्त सुमारे १ कोटी लोक त्यावर असत. मार्च २०२० मध्ये तो आकडा २० कोटींच्या वर गेला, असं कंपनीनेच सांगितलं. मीटिंगसाठी बनलेल्या या यंत्राची समजूत अशी, की एका वेळी एकाच माणसाने बोलायचं असतं. दोघे एकदम बोलले, की ते एकाचा आवाज वर उचलतं आणि दुसऱ्याचा दाबतं. आवाज इंटरनेटवरून यायला क्षणाचा एखादा अंश उशीर होतो. त्यामुळे समूहगान तर सोडाच, एका तालात टाळ्या वाजवणंही जमत नाही (त्या वर्षी झूमवर आरती म्हणून पाहिलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे!). प्रत्येकाच्या पडद्यावर चौकटींचा क्रम वेगळा असे. म्हणजे माझ्या डावीकडची सहकलाकार तुमच्या पडद्यावर खालच्या ओळीत. मग तिच्याकडे बघायचं म्हणजे कुठे बघायचं? तिच्या डोळ्यांत बघितलं तर प्रेक्षकाला वाटतं मी खाली बघतोय; कॅमेऱ्यात बघितलं तर ती मला दिसत नाही. खोटी पार्श्वभूमी लावली तर हलणारा हात मध्येच गायब होतो.

पण गंमत अशी, की हे नाटक या अडचणींशी ओळख असल्यासारखंच लिहिलेलं होतं. घरातल्या घरात भीत-भीत बोलणारी माणसं, शब्द तोंडात एक आणि मनात एक, आणि मधल्या भागात तर जो-तो एकटाच साक्ष देणारा. रंगमंचावर ही सूचना पाळायला नटाला मुद्दाम प्रयत्न करावा लागतो, कारण शेजारी दुसरा नट उभा असतो, त्याचा श्वास ऐकू येतो. २०२० मध्ये शेजारी खरोखरच कुणी नव्हतं. १९९० मध्ये एका नाट्यशाळेच्या मुलांनी जमवलेल्या साक्षी तीस वर्षांनी दुसऱ्या कॉलेजच्या मुलांनी बंद खोल्यांतून दिल्या, आणि त्या बोलताना त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं की बाहेर काय चाललंय, किती दिवस चालणार आहे आणि कुणाचं खरं मानायचं.

सगळंच साधलं असं मात्र म्हणता येणार नाही. शेवटच्या लग्नाचा दंगा हा धक्काबुक्कीचा, अंगाला अंग लागण्याचा प्रसंग आहे. तो चौकटीत बसवता येतो, पण घडवता येत नाही. आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर 'घाशीराम कोतवाल' आठवा. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात त्याचा पहिला प्रयोग झाला. लेखन विजय तेंडुलकरांचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंदांची, आणि रंगमंचावर उत्साही तरुण कलाकारांची फौज. त्या नाटकातली माणसांची भिंत, खांद्याला खांदा लावून डोलणारी, हाच त्याचा पडदा आणि हाच त्याचा अर्थ. सहा फूट अंतर ठेवून ती भिंत कशी उभी राहणार?

आणि खुद्द पुण्यातल्या कॉलेजच्या मुलांचं काय झालं? १९६३ पासून चालत आलेली पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा म्हणजे तिथल्या विद्यार्थ्यांची पंढरी. ऐन पावसाळ्यात भरत नाट्य मंदिर भरून जातं, 'आव्वाज कुणाचा' या आरोळीने छप्पर हलतं आणि आज नावारूपाला आलेले कितीतरी कलावंत तिथे पहिल्यांदा उभे राहिलेले असतात. २०२० च्या पावसाळ्यात महाराष्ट्रातली नाट्यगृहं बंद होती आणि ती आरोळी उठली नाही. २०२० च्या नोव्हेंबरात निम्म्या प्रेक्षकांवर नाट्यगृहं उघडली, पुढच्या वसंतात दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली, आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला परत पडदा वर गेला. कॉलेजच्या मुलाला स्पर्धेची वर्षं मोजून तीन-चार मिळतात. त्यातली दोन गेली तर ती परत येत नाहीत. व्यावसायिक नट थांबू शकतो, विद्यार्थी थांबला की पदवी घेऊन बाहेर पडलेला असतो. बार्डच्या मुलांनी प्रयोग का केलाच, याचं मला तरी हेच उत्तर वाटतं. त्यांच्याकडे 'पुढच्या वर्षी करू' हा पर्याय नव्हता.

आता हा सगळा इतिहास आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत कशासाठी, असं कुणी विचारेल. सांगतो.

चर्चिल आणि त्यांची मुलं इतक्या लवकर बुखारेस्टला गेली म्हणून त्यांना त्या साक्षी ओल्या असताना मिळाल्या. माणसाची आठवण हळूहळू घट्ट होत जाते. एकाच घटनेची आधी दहा जणांची दहा रूपं असतात. वर्षं जातात तशी ती टीव्हीवर ऐकलेल्या एका रूपात मिसळून जातात, आणि मग सगळे एकच गोष्ट सांगू लागतात. १९९० नंतर थोडं थांबून कुणी गेलं असतं, तर फुलवाल्या बाईची गोष्ट कदाचित मिळालीच नसती. ती कुठल्या सरकारी अहवालात येणार होती?

आपल्या घरांतही २०२० आणि २०२१ च्या अशा गोष्टी आहेत. एप्रिल-मे २०२१ मध्ये भारतात दुसरी लाट उसळली, तेव्हा आपल्यापैकी कितीतरी जणांनी आईवडिलांचा शेवटचा निरोप फोनच्या पडद्यावर घेतला. विमानं नव्हती, व्हिसाचे घोळ होते, गेलो तर परत येता येईल का याची खात्री नव्हती. त्या वेळी शेजारच्या खोलीत आपली मुलं लॅपटॉपवर शाळा करत होती. त्यांनी काय पाहिलं? बाबा रात्री दोन वाजता फोनवर का बोलत होते, हे त्यांना काय कळलं? आपण त्यांना विचारलं का? तेव्हा आठवीत असलेली मुलं आज कॉलेजात आहेत. त्यांची पदवीदान समारंभाची टोपी, शाळेतलं शेवटचं नाटक, पहिली मैत्री, यातलं काय राहून गेलं हे त्यांनी आपल्याला सांगितलेलं नाही. त्या वर्षी ठिकठिकाणच्या मंडळांनी झूमवर गणपती बसवले, एकांकिका आणि नाट्यछटा केल्या. त्यांची चित्रणं कुणाच्या तरी जुन्या लॅपटॉपवर पडून आहेत. हार्ड डिस्कचं आयुष्य माणसापेक्षा पुष्कळ कमी असतं, हे मी धंद्याच्या अनुभवावरून सांगतो. आणि क्लाउडवर ठेवलंय म्हणून निश्चिंत असाल, तर ते खातं कुणाच्या नावावर आहे आणि त्याचे पैसे कोण भरतं, हे एकदा बघून घ्या.

म्हणून एक सुचवतो. आपल्या युवा विभागाने येत्या वर्षात असं एक नाटक रचावं. लेखक कुणीही असो, आधी मुलांनी घरोघर जाऊन साक्षी गोळा कराव्यात: हॉस्पिटलमध्ये काम करणाऱ्या ताईंची, रेस्टॉरंट बंद करावं लागलेल्या काकांची, भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आणि दीड वर्ष इथेच अडकून पडलेल्या आजींची, आणि स्वतःची. मराठीत सांगतील त्यांची मराठीत, इंग्रजीत सांगतील त्यांची इंग्रजीत. लस घेण्यावरून, मास्कवरून, गावी जावं की नाही यावरून आपल्याच घरांत वाद झाले होते. तेही राहू द्यावेत, गुळगुळीत करू नयेत. 'मॅड फॉरेस्ट'मधला प्रत्येकजण स्वतःपुरतं खरं बोलतो, आणि कुणाचं बरोबर हे प्रेक्षकाला नाटककार सांगत नाही. तेवढं एक पथ्य पाळलं तर पुरे.

आणि हो, तालीम बेसमेंटमध्येच होऊ द्या. सोफे भिंतीला लावायला मी येईन. साक्षी मात्र लवकर गोळा करायला हव्यात, कारण आपल्या आजी-आजोबांना आता उशीर परवडणारा नाही.